मारणें एक, क्रियापदें अनेक
इंग्रजींतील आघातवाचक शब्दांचा अभ्यास

इंग्रजी भाषेचा अभ्यास करणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांस जे शब्द सोपे वाटतात, तेच त्यांस पुष्कळदां चकवितात. कठीण शब्द अडला म्हणजे विद्यार्थी कोश उघडतो. सोपा शब्द आपणांस येतोच अशा समजुतीनें तो तसाच पुढें जातो. अशा सोप्या परंतु चकविणाऱ्या शब्दांत मारणें, ठोकणें, आपटणें, धडकणें या अर्थाच्या शब्दांचा क्रम फार वरचा आहे. मराठींतील 'मारणें' या क्रियापदास इंग्रजींत 'बीट' हा प्रतिशब्द एकदां पाठ झाला, कीं मग चेंडू मारला तरी 'बीट', दगड मारला तरी 'बीट', दारावर थाप मारली तरी 'बीट', आणि मोटारीनें धक्का मारला तरीही 'बीट'च! वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतें, वर्णरचनाही बिनचूक असते. तथापि तें वाचणाऱ्या इंग्रज गृहस्थाच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें लिहिणाऱ्याच्या मनांतील चित्राहून अगदीं निराळें असतें. या लेखांत अशा शब्दांची थोडी व्यवस्था लावून देण्याचा आमचा विचार आहे. पालकांनींही तो वाचावा अशी आमची इच्छा आहे. कारण हा प्रश्न केवळ परीक्षेंतील गुणांचा नाहीं, हें लेखाच्या अखेरीस दिसून येईल.

मराठीची रीत व इंग्रजीची रीत

प्रथम आपल्या मातृभाषेकडे पाहूं. 'मारणें' हें मराठींतील अत्यंत कष्टाळू क्रियापद आहे. आपण हाक मारतों, उडी मारतों, बुडी मारतों, मिठी मारतों, गांठ मारतों, शिक्का मारतों, गप्पा मारतों, आणि कांहीं काम नसलें म्हणजे माशा मारीत बसतों. यांपैकीं कोठेंही कोणास इजा होत नाहीं. शेवटच्या उदाहरणांत तर माशीसुद्धां मरत नाहीं. शिवाय प्रहार करणें व जीव घेणें हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दांत आहेत. 'त्यानें साप मारला' म्हटलें म्हणजे साप मेला असें आपण समजतों; 'त्यानें भावाला मारलें' म्हटलें म्हणजे भाऊ रडत घरीं आला एवढेंच समजतों. ऐकणारा संदर्भावरून अर्थ लावतो व काम भागतें. इंग्रजींत ही मोकळीक नाहीं. जीव घेतला असेल तर 'किल' म्हटलें पाहिजे. नुसता प्रहार केला असेल तर तो कसा केला हें सांगणारें दुसरें क्रियापद शोधलें पाहिजे.

यावरून मराठी भाषा या बाबतींत दरिद्री आहे असें मात्र कोणीं समजूं नये. चापट, थप्पड, चपराक, धपाटा, गुद्दा, ठोंसा, बुक्की, टपली, टिचकी, रट्टा, टोला, तडाखा, लाथ, ढुशी, धक्का, फटका, कोरडा : एवढी मोठी यादी ज्या भाषेंत सहज जमते, तिला दरिद्री कोण म्हणेल? भेद आहे तो ठेवण्याच्या जागेचा. इंग्रजी भाषा आघाताचा प्रकार बहुधा क्रियापदांत सांगते. मराठी तो बहुधा नामांत सांगते, आणि त्या नामास 'मारणें', 'देणें', 'घालणें', 'लगावणें' असें एखादें सामान्य क्रियापद जोडून देते. चापट मारणें म्हणजे 'स्लॅप', ठोंसा मारणें म्हणजे 'पंच', लाथ मारणें म्हणजे 'किक', टिचकी मारणें म्हणजे 'फ्लिक', बोकडानें ढुशी मारणें म्हणजे 'बट'. मराठींतील दोन शब्दांचें काम इंग्रजींत एकच शब्द करतो.

यावरून पहिला नियम असा निघतो : भाषांतर करतांना 'मारणें' या क्रियापदाकडे न पाहतां त्याच्या मागील नामाकडे पाहावें. नाम सांपडलें म्हणजे इंग्रजी क्रियापदही सांपडतें. मराठी वाक्यांत नामच नसेल तर स्वतःस विचारावें कीं कशानें मारलें, किती वेळां मारलें, किती जोरानें मारलें, आणि पुढें काय झालें? या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून इंग्रजी शब्दास हात घालूं नये.

चार मुख्य क्रियापदें

'हिट', 'बीट', 'स्ट्राइक' आणि 'नॉक' हीं चार क्रियापदें एकमेकांचे पर्याय आहेत असें लहान कोशावरून वाटतें; व्यवहारांत प्रत्येकाचें घर निराळें आहे.

'हिट' हें त्यांत सर्वांत साधें. हा शब्द इंग्रजींत जुन्या नॉर्स भाषेंतून आला, व तेथें त्याचा अर्थ गांठणें, भेटणें असा होता. तो मूळ अर्थ अद्यापि पुसला गेलेला नाहीं. दगड निशाणास लागला तर 'हिट', हुकला तर 'मिस'. एखादी कल्पना एकाएकीं सुचली तर 'ही हिट अपॉन ॲन आयडिया' असें म्हणतात. लोकांच्या मनास भिडलेला चित्रपट 'हिट' होतो, तो याच न्यायानें. आघात किती जोराचा, कशानें केलेला, मुद्दाम कीं चुकून, यांतील कांहींच हा शब्द सांगत नाहीं. लागलें, एवढेंच सांगतो. म्हणून जेथें शंका असेल तेथें 'हिट' योजावा. याचीं तिन्ही रूपें सारखींच आहेत. 'हिटेड' असें रूप शिष्ट इंग्रजींत नाहीं.

'बीट' या शब्दाचा प्राण पुनरावृत्तींत आहे. ढोल बडविणें, सतरंजी काठीनें झोडून धूळ काढणें, अंडें फेटणें, पक्ष्यानें पंख फडफडविणें, हृदयाचे ठोके पडणें, या सर्वांस इंग्रजींत 'बीट' म्हणतात. कारण या सर्वांत एकामागून एक आघात आहे. पुनःपुन्हां तुडवून मळलेली वाट ती 'बीटन ट्रॅक', आणि पोलीस शिपायाची नेहमींची फेरी तीही त्याची 'बीट'. सबब ज्यास एकच चापट बसली त्याविषयीं 'ही वॉज बीटन' असें लिहिलें, तर वाचणाऱ्यास वाटेल कीं त्यास चांगलाच चोप मिळाला. भूतकाळांत 'बीट' हेंच रूप राहतें. धातुसाधित मात्र 'बीटन' होतें.

याच शब्दाचा दुसरा अर्थ हरविणें असा आहे, व तेथें आपले विद्यार्थी उलट दिशेनें चुकतात. सामना जिंकला तर 'वुई वन द मॅच'; परंतु प्रतिपक्षास जिंकलें तर 'वुई बीट देम'. 'वुई वन देम' हें वाक्य चूक आहे. सामना 'विन' करावयाचा व माणसास 'बीट' करावयाचें, हें ध्यानांत ठेवावें. क्रिकेटच्या खेळांत तर याहूनही मौज आहे. गोलंदाजाचा चेंडू फलंदाजाच्या बॅटीस मुळींच न लागतां जवळून निसटून गेला, म्हणजे फलंदाज 'बीटन' झाला असें म्हणतात. कशास कांहीं लागलें नाहीं, आणि तरीही 'बीट' हा शब्द आला. कारण तेथें आघात नसून सरशी आहे.

'स्ट्राइक' हा शब्द 'हिट' पेक्षां गंभीर व भारदस्त आहे. 'स्ट्रोक' हा त्याचा भाऊ. जुन्या इंग्रजींत या धातूचा अर्थ हळूच हात फिरविणें, घासणें असाही होता. म्हणूनच मांजराच्या पाठीवरून हात फिरविण्यास आजही 'स्ट्रोक' म्हणतात. आगकाडी ओढणें, नाणें पाडणें, घड्याळाचे टोल पडणें, वीज पडणें, या सर्वांस 'स्ट्राइक' लागतो. 'द क्लॉक स्ट्रक फोर' म्हणजे चाराचे टोल पडले. एखादा विचार अचानक मनांत चमकला तर 'इट स्ट्रक मी' असें म्हणतात. भूतकाळ 'स्ट्रक' होतो; 'स्ट्रिकन' हें जुनें रूप दुःखानें, रोगानें किंवा दारिद्र्यानें ग्रासलेल्या मनुष्याविषयीं राहिलें आहे.

संपास 'स्ट्राइक' कां म्हणतात, असें विद्यार्थी नेहमीं विचारतात. १७६८ सालीं लंडनच्या बंदरांतील खलाशांनीं वेतनाच्या तंट्यांत शिडें खालीं उतरवून जहाजें अडवून ठेवलीं. शिडें उतरविण्यास खलाशांच्या बोलींत 'स्ट्राइक' म्हणत. त्यावरून काम बंद ठेवण्यास तें नांव पडलें. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२८ व १९८२ सालीं जे मोठे संप झाले, त्यांस इंग्रजी वर्तमानपत्रें 'स्ट्राइक' म्हणत. तो शब्द अशा रीतीनें समुद्रावरून गिरणींत आला.

'नॉक' या शब्दांत कठीण वस्तूवरील ठोका आहे. दार ठोठावणें म्हणजे 'नॉक'. आणि तें दार 'नॉक' करणें नव्हे, दारावर 'नॉक' करणें होय : 'नॉक ॲट द डोअर' किंवा 'नॉक ऑन द डोअर'. याच शब्दास 'डाउन', 'ओव्हर', 'आऊट' हे लहान शब्द जोडले म्हणजे आघाताचा परिणाम कळतो. 'नॉक डाउन' म्हणजे धक्क्यानें खालीं पाडणें, 'नॉक ओव्हर' म्हणजे पेला वगैरे कलंडविणें, 'नॉक आऊट' म्हणजे बेशुद्ध पाडणें किंवा स्पर्धेंतून बाद करणें. मुष्टियुद्धाचे जे नियम १८६७ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणें खालीं पडलेला मल्ल दहा सेकंदांत उठून उभा राहिला नाहीं तर हरला असें ठरे. हा शब्द लिहितांना आरंभीचें 'के' हें अक्षर लिहावयाचें असतें, उच्चारावयाचें नसतें, हेंही सांगून ठेवतों.

कशानें मारलें?

आतां साधनाचा विचार करूं. उघड्या तळहाताचा फटका तो 'स्लॅप' किंवा 'स्मॅक'. त्यांत 'स्लॅप' बहुधा गालावर बसते. लहान मुलाच्या पार्श्वभागीं धपाटे घालणें तें 'स्पँक'. मूठ वळून मारलेला ठोंसा तो 'पंच'. मुठीनें किंवा जड वस्तूनें दणका देणें तें 'थंप'. पायानें मारणें तें 'किक', पाय आपटणें तें 'स्टॅम्प', पायाखालीं तुडविणें तें 'ट्रॅम्पल'. छडीनें मारणें तें 'केन', चाबकानें मारणें तें 'व्हिप' किंवा 'लॅश', आणि शिक्षा म्हणून फटके मारणें तें 'फ्लॉग'.

हलक्या स्पर्शाचेही प्रकार आहेत. बोटानें हळूच टकटक करणें तें 'टॅप'. मायेनें थोपटणें तें 'पॅट'. पाठीवर शाबासकीची थाप म्हणजे 'पॅट ऑन द बॅक'. पाठ थोपटणें हा वाक्प्रचार दोन्ही भाषांत एकाच अर्थानें रूढ आहे, आणि तो दोहोंकडे प्रशंसेचा आहे, ही लक्षांत घेण्यासारखी गोष्ट होय. स्वयंपाकघरांतही हे शब्द निरनिराळे आहेत : अंडें 'बीट' करावयाचें, उखळांत मिरची 'पाउंड' करावयाची, लसूण ठेचावयाची ती 'क्रश' करावयाची.

'थ्रॅश' हा शब्द शेतांतून आला आहे. धान्याचीं कणसें झोडून दाणे वेगळे करणें यास इंग्रजींत 'थ्रेश' म्हणतात. 'थ्रॅश' हें त्याचेंच दुसरें रूप, आणि त्याचा आजचा अर्थ सडकून मार देणें असा आहे. कोंकणांत भाताची झोडणी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. पेंढी झोडणें व माणसास झोडपणें यांतील नातें तेंच आहे. दोन दूरच्या देशांतील शेतकऱ्यांनीं एकाच खळ्यावरून एकच उपमा उचलावी, हें मौजेचें आहे.

याच वर्गांतील 'स्माइट' हा एक जुना शब्द विद्यार्थ्यांस पवित्र शास्त्राच्या १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांत वारंवार आढळेल. भूतकाळ 'स्मोट', धातुसाधित 'स्मिटन'. मोशेनें खडकावर दोन वेळां काठी मारली व पाणी वाहूं लागलें, त्या प्रसंगीं हाच शब्द आहे. वाचतांना तो ओळखावा. परंतु पत्रांत किंवा निबंधांत योजूं नये. 'माय ब्रदर स्मोट मी' असें कोणीं लिहिलें, तर वाचणाऱ्यास भावाची दया न येतां हंसूं मात्र येईल.

धडक, धक्का व आवाज

जेथें मारणारा नसून दोन वस्तूंची गांठ पडते, तेथील शब्द निराळे आहेत. चालतां चालतां डोकें चौकटीस लागलें तर 'बंप'. मोटार झाडावर जोरानें आदळली व तिचा चुराडा झाला तर 'क्रॅश'. दोन गाड्यांची टक्कर झाली तर 'कोलाइड'. हा शब्द लॅटिन असून त्यांतील पहिल्या भागाचा अर्थ 'एकत्र' असा आहे. म्हणून पूर्वींचे काटेकोर लेखक दोन्ही वस्तू हालत असतील तरच तो योजीत. आज तितका कटाक्ष राहिलेला नाहीं, तरी उभ्या झाडास मोटार लागली असतां 'हिट' किंवा 'क्रॅश्ड इंटू' लिहिणें अधिक बरें. आपल्याकडे अशा वेळीं 'डॅश' हा शब्द योजण्याची संवय फार आहे. इंग्रज मनुष्य 'ही डॅश्ड' याचा अर्थ 'तो धांवत सुटला' असा घेईल, हें ध्यानांत असावें.

'नॉक डाउन' आणि 'रन ओव्हर' यांत तर जीवनमरणाचा भेद असूं शकतो. वाहनाचा धक्का लागून मनुष्य पडला तर 'नॉक्ड डाउन'. वाहन त्याच्या अंगावरून गेलें तर 'रन ओव्हर'. पत्र लिहून ही वार्ता कोणाच्या घरीं कळवावयाची असेल, तर या दोहोंतून चुकीचा शब्द निवडणें म्हणजे त्या घरावर विनाकारण आकाश कोसळविणें होय.

दार धाडकन् लावणें तें 'स्लॅम', धडाड् असा आवाज तो 'बँग', फोडून तुकडे करणें तें 'स्मॅश'. यांपैकीं पुष्कळ शब्द ध्वनीवरून बनलेले आहेत, जसे आपले धाडकन्, फाडकन्, खाडकन् हे शब्द.

लहान शब्दांचें मोठें काम

आघाताच्या वाक्यांत 'ॲट', 'ऑन', 'इन' हीं लहान अव्ययें सर्व अर्थ फिरवूं शकतात. 'ही थ्रू द बॉल टु मी' म्हणजे त्यानें चेंडू माझ्याकडे टाकला, मीं झेलावा म्हणून. 'ही थ्रू द बॉल ॲट मी' म्हणजे मला लागावा म्हणून फेकला. 'ही स्ट्रक मी' म्हणजे मार लागला. 'ही स्ट्रक ॲट मी' म्हणजे त्यानें वार केला, परंतु तो लागलाच असें नाहीं. हेतु सांगणारा शब्द एक, परिणाम सांगणारा दुसरा.

शरीराचा भाग सांगतांना इंग्रजींत 'माझ्या डोक्यावर' असें न म्हणतां 'मला डोक्यावर' असें म्हणण्याची रीत आहे : 'द बॉल हिट मी ऑन द हेड.' येथें 'माय' न येतां 'द' येतो. डोकें, पाठ, खांदा, गुडघा यांच्या आधीं 'ऑन'. पोट, डोळा, तोंड यांच्या आधीं बहुधा 'इन'. तसेंच 'मार खाल्ला' याचें भाषांतर करतांना 'ईट' या क्रियापदाची आठवणही होऊं देऊं नये. 'ही वॉज बीटन' किंवा 'ही गॉट अ बीटिंग' एवढेंच पुरे.

लपलेले आघात

कांहीं इंग्रजी शब्दांत आघात असा खोल दडला आहे कीं तो सहसा कोणास दिसत नाहीं. वादविवादास आपण 'डिबेट' म्हणतों. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतून आला व त्याच्या मुळाशीं हाणून पाडणें असा अर्थ आहे. 'बॅटल' व 'बॅटरी' हे त्याचेच नातेवाईक. मन दुखविणें या अर्थाचा 'ऑफेंड' हा शब्द लॅटिन भाषेंत कशावर तरी आपटणें या अर्थाचा होता. 'प्लेग' हा शब्दही मूळचा 'तडाखा' या अर्थाचा आहे. १८९६ सालीं मुंबईंत व त्यानंतर पुण्यास त्या रोगानें जो कहर केला, त्यावरून तें नांव किती सार्थ आहे हें आपल्या प्रांतास पटलें. पक्षाघातास इंग्रजींत 'स्ट्रोक' म्हणतात व उष्माघातास 'हीट स्ट्रोक'. आमच्या संस्कृतोद्भव शब्दांतील 'घात' व इंग्रजींतील 'स्ट्रोक' हे दोन्ही प्रहारच आहेत. मनुष्यास जें दुःख अचानक येतें, त्यास निरनिराळ्या देशांच्या लोकांनीं एकच नांव दिलें : तडाखा.

शब्द आणि साक्ष

आतां आम्हीं आरंभीं दिलेल्या वचनाकडे वळतों. हा प्रश्न केवळ गुणांचा कां नाहीं?

कल्पना करा, मधल्या सुटींत खेळतांना एका मुलाचा हात दुसऱ्याच्या गालास लागला. ही गोष्ट तीन प्रकारें लिहितां येईल. 'हिज हँड हिट माय चीक' : हात लागला, मुद्दाम लावला असें यांत म्हटलेलें नाहीं. 'ही स्लॅप्ड मी' : त्यानें जाणून एक थप्पड मारली. 'ही बीट मी' : त्यानें मला बदडलें. पहिल्या वाक्यावरून मुख्याध्यापक दोघांस समजावून खेळावयास पाठवितील. दुसऱ्यावरून मारणाऱ्यास क्षमा मागावयास लावतील. तिसऱ्यावरून त्याच्या वडिलांस बोलावणें जाईल. घटना एकच, आणि तीन वाक्यांपैकीं खरें एकच. तक्रार लिहिणाऱ्या मुलास 'बीट' खेरीज दुसरा शब्द ठाऊक नसेल, तर त्याच्या मनांत लबाडी नसतांही त्याच्या हातून खोटी साक्ष दिली जाते. दहा आज्ञांपैकीं शेजाऱ्याविषयींच्या खोट्या साक्षीची जी आज्ञा आहे, ती केवळ जाणूनबुजून खोटें बोलणाऱ्यासाठींच नाहीं. निष्काळजी लेखणीसही ती लागू आहे असें आम्ही समजतों.

उलट दिशेनेंही असेंच घडतें. ज्यानें खरोखर गुद्दे मारले, तो 'आय ओन्ली टॅप्ड हिम' असें सांगून सुटूं पाहतो. 'अ मॅन वॉज हिट' असें लिहिलें म्हणजे मारणारा कोण हें सोईस्करपणें गाळतां येतें. मोठा शब्द लहान गोष्टीस फुगवितो, तसा लहान शब्द मोठ्या अपराधास झांकतो. दोन्हींत ज्याच्यावर अन्याय झाला त्याचेंच नुकसान होतें.

न्यायालयांत तर शब्दांची ही पारख फारच बारकाईनें करतात. 'असॉल्ट' म्हणजे मारहाण, असें वर्तमानपत्रांवरून वाटतें. परंतु १८६० सालीं केलेल्या भारतीय दंडसंहितेंत, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही, 'असॉल्ट' होण्यास अंगास हात लागावाच लागत नाहीं. आपणांवर आतां बळाचा प्रयोग होणार, अशी समोरच्या मनुष्यास भीति वाटेल असा हावभाव किंवा तयारी जाणून केली, तरी तो 'असॉल्ट' होतो. नुसते शब्द मात्र 'असॉल्ट' होत नाहींत. प्रत्यक्ष शारीरिक वेदना घडविली तर त्यास 'हर्ट' हा निराळा शब्द आहे. उगारलेली मूठ व बसलेली मूठ कायद्यानें वेगळ्या खात्यांत घातल्या आहेत.

शाळेंतील शिक्षेविषयींही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. 'केन' हें क्रियापद एका काळीं इंग्रजी शाळांच्या गोष्टींत पानोपानीं येई, व आपल्याकडेही 'छडी लागे छमछम' अशी समजूत रूढ होती. आतां सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणहक्काविषयींच्या २००९ सालच्या कायद्यानें मुलास शारीरिक शिक्षा करणें व त्याचा मानसिक छळ करणें या दोहोंस बंदी केली आहे. मानसिक छळाची जोड येथें मुद्दाम ध्यानांत घ्यावी. हातानें न मारतां शब्दानें मारणें यासही कायद्यानें मारच मानलें आहे. आणि 'ऑफेंड' या शब्दाच्या मुळांत जो अर्थ आम्हीं वर सांगितला, तोही याहून निराळा नाहीं. घरीं मूल शाळेंतील भांडणाची हकीकत सांगूं लागलें, म्हणजे पालकांनीं रागावण्यापूर्वीं शांतपणें विचारावें : कशानें मारलें? किती वेळां? मुद्दाम कीं चुकून? मग काय झालें? ज्या चार प्रश्नांनीं इंग्रजी शब्द सांपडतो, जवळजवळ त्याच प्रश्नांनीं सत्यही सांपडतें.

अभ्यासासाठीं

पुढील वाक्यें विद्यार्थ्यांनीं इंग्रजींत लिहून पाहावीं.

१. वाऱ्यानें दार धाडकन् आपटलें.
२. आजीनें नातवाची पाठ थोपटली.
३. घड्याळाचे दहा टोल पडले.
४. आमच्या संघानें पाहुण्या संघास हरविलें.
५. त्यानें कुत्र्यास दगड मारला, पण तो लागला नाहीं.
६. सायकलचा धक्का लागून म्हातारा पडला.
७. आईनें उखळांत मिरच्या कुटल्या.
८. नारळाच्या झाडावर वीज पडली.

यांस अनुक्रमें 'स्लॅम', 'पॅट', 'स्ट्राइक', 'बीट', 'थ्रो ॲट', 'नॉक डाउन', 'पाउंड' आणि पुन्हां 'स्ट्राइक' हे शब्द लागतील. आठ वाक्यांत 'बीट' एकदांच आला, आणि तोही जेथें कोणास मार बसलेला नाहीं अशा ठिकाणीं आला, हें विद्यार्थ्यांनीं पाहावें.

या लेखांत आलेले सर्व शब्द एका दिवसांत पाठ करावे असा आमचा आग्रह नाहीं. दररोज वर्तमानपत्र वाचतांना असा एखादा शब्द आढळला, तर तो वहींत उतरून त्यापुढें योग्य मराठी नाम लिहावें : 'स्लॅप' पुढें चापट, 'पंच' पुढें ठोंसा, 'बंप' पुढें धक्का. अशा रीतीनें वर्षअखेर दोन्ही भाषांची एक लहानशी पण भरंवशाची यादी हातीं येईल. ती निबंधास उपयोगी पडेलच. परंतु ज्या दिवशीं आपल्या एका शब्दावर दुसऱ्याची शिक्षा किंवा सुटका अवलंबून असेल, त्या दिवशीं तिचा उपयोग त्याहून पुष्कळ अधिक होईल.